संध्याचा सवाल आन् अवसेचा भोपळा

जांभूळदऱ्याच्या केसरबाईची संध्या म्हंजे पायाला भिंगरी. लहानपनी शेळ्यांमागं डोंगर पालथा घालायची, मोठी झाली तशी फुलंब्रीच्या कॉलेजला सायकलवर जायची. लगीन होऊन हर्सूलला नांदायला गेली, तर पहिल्याच महिन्यात नवऱ्याला सांगून मोकळी, घरात बसून ऱ्हायचं मला जमायचं नाय, मला गाडी शिकवा. नवरा राजेंद्र वाळूजला कंपनीत, पाळीचं काम. गरीब गाय मानूस. पाळी सुटली की बायकोला मैदानात न्यायचा, आन् पंधरा दिसात बाई स्कूटीवर. अशी ही बाई खुर्चीला कशी बांधली गेली, त्याचीच गोष्ट हाय ही.

दुधाच्या कंपनीत नोकरी लागली तवा कामच फिरतीचं होतं. कंपनीची गावोगाव केंद्रं. सकाळ-संध्याकाळ बाया-मान्सं दूध आनून घालत्यात, केंद्रवालीनं माप करायचं, फॅट काढायची, कॅन भरायची, टेम्पो येऊन घेऊन जातो. जांभूळदऱ्याचं केंद्र खुद्द केसरबाईच्या ओसरीत, चौदा वरसं झाली. नवरा कडुबा गेला त्या साली तिनं ते घेतलं आन् त्याच्यावरच पोरगी शिकवली. संध्याचं काम असं, की केंद्रं बघत फिरायचं. माप खरं हाय का, भांडी धुत्यात का, कुनाची तक्रार हाय का. मायचं केंद्र तेवढं दुसऱ्याच्या वाट्याला दिलेलं, कारन कंपनीचा तसा कायदा. बाकी तिची लई मजा. कुठं ताक प्यायचं, कुठं हुरडा खायचा, कुठं सासूचं गाऱ्हानं ऐकायचं आन् त्याच गावात वाकड्या वाटंनं सुनेचं बी ऐकायचं. उन्हानं काळी पडली पन तोंडावर हसू.

मग कंपनीत कंप्युटरचं नवीन निघालं. दोनशे चौदा केंद्रं, सगळ्या मापाच्या मशीनी फोनच्या तारेवाचून हापिसाला जोडल्या. गावात लिटर पडलं की तिकडं आकडा पडला. सगळे आकडे जनू एका हौदात. आता हौदातनं पायजे तेवढंच कसं काढायचं? तर त्याला एक पान. आपन मोबाइलवर उघडतो तसलंच पान. त्या पानावर सवाल मांडायचा. काल म्हशीचं दूध कुठं कमी आलं? कन्नडकडं कोनत्या केंद्राची फॅट घसरली? सवाल मांडला की जवाब हजर, आन् जवाबाच्या उभ्या पट्ट्या, लाल, हिरव्या, पिवळ्या. एकदा मांडलेला सवाल ठेवून बी देता येतो, आन् सांगून ठेवलं की ठरल्या वक्ताला आपल्या आपन सायबाच्या मोबाइलला जातो.

मशीनी जोडून सहा महिने झाल्यावर शिकवायला पुन्याहून एक मानूस चार दिवस आला. बाकीचे जांभया देत बसले. संध्याला वाटलं, हे तर सोपं हाय. त्या पानाला अक्कल नाय, जेवढं इचारलं तेवढंच सांगतं. मंग काय इचारायचं ते इचारनाऱ्याला ठावं पायजे. तिला गावं ठावं होती. चौथ्या दिवशी तिनं असा एक सवाल मांडला, की कॅन उन्हात कुठं उभी ऱ्हाती ते नुसत्या आकड्यावरनं निघालं. हापिसचा मुख्य राजकुमार सायेब, त्यानं टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्याच नडल्या. राजकुमार सायेब वाईट नाय, पन त्याला त्या रंगीत पट्ट्यांचं भारी येड. म्हनाला, मॅडम, बस दो हफ्ते बैठ जाओ, सिस्टम सेट होईपर्यंत. दोन हप्त्याचं दीड वरीस झालं. काचेची खोली, गार वारं, खिडकी उघडत नाय. सकाळी भाकर तव्यावर असताना फोन, मॅडम, पैठण का लाल क्यूं दिख रहा है? रजा टाकली तर फोन, राजेंद्रच्या बहिनीच्या हळदीत फोन. एका हाताला हळद आन् दुसऱ्या हातात मोबाइल, असा तिचा फोटो बी हाय. बाजूच्या खुर्चीवरची श्रेया तिला म्हनायची, "ताई, तुला देव भेटला ना, तर तू पाया पडायच्या आधी त्याला तालुकावार लावशील." संध्या हसायची. पन दारात उभ्या स्कूटीवर धुळीचा थर बघितला की बोटानं त्याच्यावर रेघ ओढायची. शिकली तीच फसली, दुसरं काय.

दर महिन्याला ती सायबाला आठवन द्यायची, मला फिरतीवर परत पाठवा. सायेब दर महिन्याला म्हनायचा, पुढच्या. शेवटी दिवाळीनंतर त्यानं शब्द दिला, पुढल्या महिन्याच्या एक तारखंपासून फिरतीवर जा, तुमच्या जागी कोनीतरी बघतो. संध्यानं त्याच दिवशी स्कूटी धुवून घेतली.

जाता जाता सायबानं एक काम दिलं. वरून हुकूम आला होता, की बेभरवशाची केंद्रं बंद करा, तिकडं टेम्पो पाठवून डिझेल जाळू नका. बेभरवशाचं कसं ओळखायचं? सायेब म्हनाला, जिथं महिन्यात एक दिवस तरी दूध आलंच नाय, असं लागोपाठ तीन महिने, ते बेभरवशाचं. मोजनी मागल्या दोन महिन्यांपासनंच धरायची, दोन महिने झाले की पिवळं, तिसऱ्याला लाल. लाल झालं की नाव थेट वर, आन् वरून बंदीचं पत्र. दर सोमवारी सकाळी नऊला यादी आपल्या आपन जानार. संध्यानं पाव घंट्यात सवाल मांडला. मान वर न करता. डोक्यात स्कूटी होती ना. खाली नाव पडलं, तयार करनार, संध्या.

शुक्रवारी पाचाच्या चहाला तिनं तो सवाल एकदा चालवून बघितला. अकरा नावं आली, सगळी पिवळी. वाचत वाचत सातव्यावर आली आन् चहाचा कप हातातच ऱ्हायला. सातवं नाव जांभूळदरा, केंद्रचालक केसरबाई.

तिला आदी वाटलं आकडा चुकला. माय आन् नागा? ताप अंगात असताना मापाला बसनारी बाई. तिनं तारीख उघडली. एका महिन्यात एकच भोपळा, दुसऱ्या महिन्यात एकच भोपळा. त्या तारखा बघितल्या आन् तिच्या ध्यानात आलं. अवस. दोन्ही दिवशी अवस होती.

जांभूळदऱ्यात अवसेचं दूध इकत नाय. फार जुनी गोष्ट सांगत्यात. निजामाच्या वक्ताला गावाचं समदं दूध छावनीत जायचं. लोकांनी थानं कोरडी करून दूध घातलं आन् एका साली गावात एक वासरू जगलं नाय. तवापासून गावानं बोली केली, अवसेला थान वासराचं. वासरू पोटभर पिऊन उरलं तर घरात खीर, शेजारी वाटीभर, पन मापावर थेंब नाय. संध्या त्या खिरीवर वाढलेली. आन् तिनंच सवाल मांडला, कोन एक दिवस दूध घालत नाय ते सांग. शहरात ऱ्हाऊन अवस आली कधी, गेली कधी, तिला कळंनासंच झालं होतं.

कॅलेंडर बघितलं. या महिन्याची अवस रविवारी. म्हंजे परवा भोपळा पडनार, पिवळं लाल होनार, आन् सोमवारी नऊला यादी जानार. केंद्र गेलं म्हंजे चाळीस घरच्या बायांनी दूध डोक्यावर घेऊन दोन कोस डांबरीपर्यंत जायचं. आन् माय? माय त्या ओसरीत बसते म्हून गावात मान हाय, नाय तर एकटी बाई म्हातारपनाला कुनाच्या ध्यानात ऱ्हाती?

तिनं सवालात एकाचा आकडा दोन केला. महिन्यात दोन दिवस दूध नसलं तर. बोटाचं काम. अकरा नावांची चार झाली, जांभूळदरा गायब. तिच्या छातीतला दगड उतरला, पन दोनच मिनिटं. त्या पानाची एक खोड हाय, कोनी कधी काय बदललं ते मागं लिवून ठेवतं. सायेब बघनार, इचारनार, आन् मंग मायचं केंद्र वाचवायला आकडा फिरवला असं निघनार. केंद्र बी जाईल आन् अब्रू बी. तिनं दोनचा परत एक केला. तर ते बी लिवलं गेलं. पाच वाजून दहाला बदललं, पाच वाजून बाराला परत केलं. आता पुढं बी जाता येईना आन् मागं बी सरता येईना. श्रेयानं इचारलं, ताई, तोंड का असं पांढरं पडलं? म्हनली, चहा कडू होता.

घरी राजेंद्रला सांगितलं. तो म्हनला, सायबाला सांगून टाक सरळ. ती म्हनली, काय सांगू? माझ्या मायचं हाय म्हून सोडा? उद्या समदे म्हनतील हिच्या सवालात हिचंच घर.  

रविवारी सकाळीच ती स्कूटी घेऊन गावाला निघाली. थंडी होती, रस्त्यात कुठं थांबली नाय. दीड वर्सात पहिल्यांदाच एवढी गाडी चालवली, पन मजा काय वाटली नाय.

ओसरीत मापाच्या मशीनीवर हिरव्या लुगड्याचा धडपा घातलेला. गोठ्यात वासरं मोकळी, गायांच्या खाली ढुशा देऊन ऱ्हायलेली. केसरबाई चुलीपाशी खीर हालवत होती. लेकीला बघून हरकली, बरी आली बाई, वास लागला काय खिरीचा? संध्या उंबऱ्यातच उभी ऱ्हायली.

"माय, आज एक तांब्या दूध मापावर ठेव."

"आज अवस हाय."

"ठावं हाय मला. एकच तांब्या. मशीनला दिसलं म्हंजे झालं."

"मशीनला कशापायी दिसाया पायजे? मशीन काय खीर खानार हाय?"

मंग संध्यानं सगळं सांगितलं. यादी, पिवळं, लाल, सोमवार, नऊ. केसरबाई ऐकत ऱ्हायली. पळी काढून ताटलीत ठेवली आन् इचारलं, हा असला सवाल मांडला कोनी?

"मीच."

 केसरबाईनं लेकीकडं बघितलं, रागानं नाय, जसं कुनी लांबचं मानूस ओळखू यावं म्हून बघत्यात तसं.

"मांडताना तुला अवस आठवली नाय?"

"नाय आठवली, माय."

ह्याच्यापरीस तिनं दोन चापटा मारल्या असत्या तर बरं झालं असतं. केसरबाई म्हनली, टेम्पोवाला फकिरा बघ. त्याला कुनी चिठ्ठी धाडत नाय, फोन करत नाय, तरी अवसेला तो गावात येत नाय, खुलताबादला सासरवाडीला जातो. एका टेम्पोवाल्याला कळतं आन् तुमच्या एवढ्या हापिसाला कळू नाय?

मंग आवाज खाली करून इचारलं, तुझ्या नोकरीवर येतंय का हे? संध्यानं ओसरीतल्या मशीनीकडं बघितलं. केसरबाई उठली. फडताळातला तांब्या घेतला, गोठ्यात गेली आन् तांबड्या गायीखालचं वासरू मानंला धरून बाजूला ओढलं. वासरू तोंडाला फेस घेऊन ओढ खात होतं. म्हनली, "गावाला सांगू नकोस. पाप लागलं तर मला लागंल."

तांब्यात दोन धारा पडल्या, चुर्र चुर्र. तिसरी पडायच्या आदी संध्यानं मायचा हात धरला.

"सोड माय. सोड त्याला."

वासरू परत गायीखाली घुसलं. तांब्यातलं दूध केसरबाईनं खिरीत वतलं. खीर दोघींनी खाल्ली, पन एकमेकीकडं बघितलं नाय.

परतताना फुलंब्रीच्या फाट्यावर संध्या चहाला थांबली. फकिराचं बोलनं डोक्यातनं जाईना. त्याला कळतं कसं? कारन ते गाव चुकतच नाय. नागा पडते ती बी ठरल्या दिवशीच पडते. चहा तसाच टाकून उठली.

सोमवारी साडेसातला हापिसात शिपायाच्या आदी हजर. काखंत घरच्या सैंपाकघरातलं कॅलेंडर, त्याच्यावर गॅस कधी लावला त्याच्या खुना. मागल्या साली कपाटाखाली घातलेलं बी काढून आनलेलं. दोन वर्सांच्या अवसा तिनं हौदात एक एक करून घातल्या. मंग नवा सवाल मांडला, या अकरा केंद्रांचे भोपळे कोनत्या दिवशी पडले? जवाब आला. सहा गावांचे समदे भोपळे अवसेला, दुसऱ्या कोनत्याच दिवशी नाय. आन् दर खेपंला दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध नेहमीपरीस जास्ती. एक खुलताबादच्या अंगाचं गाव होतं, त्याचा भोपळा गावातल्या पिराच्या गुरुवारी, महिन्याच्या शेवटल्या. उरलेली चार खरीच बेभरवशाची. तिला हसू आलं आन् रडू बी. एवढा वक्त घड्याळ बघितलं नव्हतं. पावनेनऊ झालेले.

राजकुमार सायेब आला, बॅग खाली ठेवायच्या आदीच म्हनला, मॅडम, फ्रायडे को आपने रूल दो बार बदला. क्यूं? त्यानं बघितलेलं होतं. संध्या खुर्चीवरनं उठली. म्हनली, "सर, सात नंबरचं केंद्र माझ्या मायचं हाय. ते वाचवायला बदललं, मंग लाज वाटली म्हून परत केलं. त्याची काय शिक्षा द्यायची ती द्या. पन नऊच्या आत हे एकदा बघा."

सायेब बसला. ती उभ्या उभ्या सांगत ऱ्हायली, अवस काय, वासरं काय, छावनी काय. सायबाला छावनीशी काय घेनं नव्हतं, पन पट्ट्या बघून त्याचे डोळे मोठे झाले. सहा गावं, दोन वर्सं, भोपळे एका रांगंत, जनू कुनी दोरी लावून पेरलेत.

"सर, दोन वर्सात ह्यांनी एक बी दिवस चुकवला नाय. बंद ऱ्हानार तर त्याच दिवशी. ह्यांच्यापरीस भरवशाचं कोन सांगा."

सायबानं घड्याळ बघितलं, आठ सत्तावन्न. माऊस आपल्याकडं ओढला आन् यादी थांबवली. 

आता सुटली असं वाटलं तिला. सायेब पट्ट्यांकडंच बघत म्हनला, मग हे सगळ्याच केंद्रांचं असनार. कुठं अवस, कुठं जत्रा, कुठं पीर, कुठं गावदेवीचा मंगळवार. दोनशे चौदा गावं. प्रत्येक गावाचा आपला दिवस सिस्टममध्ये पायजे, दर महिन्याला, तारखा बदलतील तसा. "और ये आपके सिवा किसको आता है, मॅडम?"

संध्या म्हनली, सर, एक तारखंपासून मी फिरतीवर... गावात जाऊन इचारते ना, चांगलं कळतं. सायेब म्हनला, गावात कशाला, फोनवर इचारा. शुक्रवारचं त्यानं परत काढलं नाय, पन इसरला बी नसंल. आन् संध्याला बी तोंड उरलं नव्हतं हुज्जत घालायला. फिरतीची जागा गोकुळ नावाच्या नव्या पोऱ्याला गेली. कंपनीनं त्याला गाडी नाय दिली म्हून दोन महिने संध्याचीच स्कूटी भाड्यानं घेतली. श्रेया म्हनली, ताई, निदान स्कूटी तरी फिरतीवर गेली. त्या दिवशी संध्या हसली नाय.

आता दर महिन्याला अवसेच्या आदल्या दिवशी ती सकाळपासनं फोन लावत बसते. एक, दोन, तीन, गावामागं गाव. तुमच्याकडं उद्या माप चालू का बंद? बाया तिला चिडवत्यात, संध्याताई, आता पंचांग बी तूच सांगती व्हय? कोनी म्हनतं, आमच्या म्हसोबाची जत्रा बी लिव गं. ती लिवते. काचेबाहेर टेम्पो सुटत्यात, त्यांच्या मागनं फुफाटा उडतो, आतमंदी आवाज येत नाय.

फोनच्या यादीत जांभूळदरा एकशे बावन्नवं. एका खेपंला नंबर लागला तवा दुपार टळून गेलेली. एकाच सुरात बोलून बोलून तिचा घसा बसला होता, आन् त्याच सुरात ती बोलून गेली, "जांभूळदरा केंद्र का? उद्या माप चालू का बंद?"

पलीकडनं केसरबाईचा आवाज आला.

"संध्या व्हय? उद्या अवस हाय बाई. तुला मला इचारावं लागतं?"

"लिवावं लागतं, माय. प्रत्येकाला इचारून लिवायचं असं ठरलंय."

"मंग लिव. बंद."

संध्यानं लिवलं. पुढच्या बासष्ट गावांकडं नजर गेली. केसरबाईनं फोन ठेवला नव्हता. म्हनली, खीर ठेवू का तुला? दुसऱ्या दिवशी बुधवार होता, हापिस होतं, हे दोघींना बी ठावं.

"ठेव," संध्या म्हनली.

केसरबाईनं ठेवली. वाटीवर ताटली झाकून, सांजंपर्यंत. मंग तांबड्या गायीच्या वासराला चाटवली.